महामारीच्या वाटेवरील मुशाफिर

२०२० सालच्या मार्च महिन्यात जगातील बहुतेक देशांनी आपल्या सरहद्दी बंद केल्या. परदेशांहून भारतात येणारी प्रवासी विमाने २२ मार्चपासून थांबली. घर मोडून, गरजेपुरते सामान पाठीवर टाकून वर्षानुवर्षे देशोदेशी हिंडत राहणारा जो एक वर्ग अलीकडच्या काळात जगभर तयार झाला आहे, तो त्या आठवड्यात जेथे होता तेथेच अडकून पडला. स्वतःचे घर कोठेच नाही, आहे त्या देशात राहण्याची मुदत संपत आलेली आणि पुढच्या देशाचे दार लागलेले, अशी त्यांची स्थिती झाली. जगव्यापी साथ आणि कायमचा प्रवासी यांची गाठ इतिहासात यापूर्वीही एकदा पडली होती. त्या गाठीची हकीकत प्रवाशाने स्वतः सांगून ठेवली आहे. फरक इतकाच की, चौदाव्या शतकातील त्या प्रवाशापुढे कोणीही दार लावून घेतले नाही. सर्व वाटा त्याला मोकळ्या होत्या.

या प्रवाशाचे नाव इब्न बतूता. मोरोक्कोतील टँजिअर या बंदरात १३०४ साली तो जन्मला. घराणे काजींचे, म्हणजे धर्मशास्त्रानुसार न्यायनिवाडा करणाऱ्यांचे. १३२५ च्या जून महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मक्केच्या यात्रेसाठी तो एकटाच घराबाहेर पडला. आईबाप दोघेही हयात होते आणि त्यांना सोडताना फार जड गेले, असे त्याने नमूद केले आहे. काही आठवड्यांनी तो ट्युनिसला पोहोचला, तेव्हा गावातील लोक काफिल्याला सामोरे आले. जो तो आपापल्या ओळखीच्या माणसाला भेटत होता, क्षेमकुशल विचारीत होता. या तरुणाला मात्र कोणी ओळखत नव्हते, म्हणून कोणी 'आलास का' असेही म्हटले नाही. त्याला रडू आवरेना. एका यात्रेकरूने ते पाहिले आणि तो त्याच्याशी बोलत बोलत गावात शिरला. पुढे ज्याने ७०,००० मैलांहून अधिक वाट तुडविली, त्याच्या प्रवासाचा हा आरंभ आहे.

यात्रा आटोपून परत फिरावे, हे त्याला मानवले नाही. एकदा तुडविलेली वाट शक्यतो पुन्हा धरायची नाही, असा त्याने नियम केला आणि चोवीस वर्षे तो परमुलखात हिंडत राहिला. इतकी वर्षे एक मनुष्य मिळवितो काय आणि खातो काय, असा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाला पडेल. त्याचे उत्तर त्या काळच्या मुसलमानी जगाच्या घडणीत आहे. मोरोक्कोपासून सुमात्रापर्यंत बंदरोबंदरी व शहरोशहरी अरबी जाणणारे काजी होते, मदरसे होते, साधुपुरुषांचे मठ होते. शिकलेल्या पाहुण्याला तीन दिवस अन्न व निवारा देणे हा सर्वत्र मान्य झालेला रिवाज होता. दमास्कसमध्ये तर धर्मादाय इनामांची गणतीच नव्हती. हजला जाऊ न शकणाऱ्यांच्या बदली माणूस पाठविण्यासाठी एक इनाम, गरीब मुलींच्या लग्नासाठी दुसरे, वाटसरूंना अन्नवस्त्र आणि घरी पोहोचेपर्यंतचा खर्च देण्यासाठी तिसरे. १३२६ साली त्या शहरात त्याने पाहिलेला एक प्रसंग मोठा गमतीचा आहे. एका गल्लीत एका लहान गुलाम मुलाच्या हातून चिनी मातीचे ताट पडून फुटले. धन्याचा मार आता चुकत नाही, अशी वेळ. जमलेल्यांपैकी एकाने सांगितले, 'तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या इनामाच्या कारभाऱ्याकडे ने.' मुलाने तसे केले, कारभाऱ्याने ताटाची किंमत मोजून दिली. फुटलेल्या भांड्यांसाठीही इनाम असलेल्या शहरात परदेशी माणूस उपाशी राहत नसे, यात नवल नाही.

याच व्यवस्थेच्या आधारावर इब्न बतूता १३३३ मध्ये सिंधू नदी ओलांडून हिंदुस्थानात आला आणि दिल्लीला महंमद तुघलकाच्या पदरी काजी झाला. वर्षाला १२,००० दिनारांचे वेतन त्याला बांधून मिळाले. १३४२ मध्ये सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठविले. त्याची ती वाट ग्वाल्हेर, धार, उज्जैन, दौलताबाद, नंदुरबार, खंबायत अशी आली. तेथून जहाजाने तो दक्षिणेकडे निघाला. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे की, हे लोक कारागिरीत निपुण आहेत, तसेच वैद्यकात आणि ज्योतिषातही. भात, भाजी व तिळाचे तेल हा त्यांचा आहार आणि जेवणापूर्वी स्नान हा त्यांचा नेम. गोव्याला तो 'संदाबूर' म्हणतो. होन्नावरच्या जमालुद्दीनाने ५२ गलबते घेऊन गोव्यावर स्वारी केली, तिच्यात हा मुशाफिर हौसेने सामील झाला होता. चीनच्या वकिलातीची जहाजे त्यापूर्वीच कालिकतच्या किनाऱ्यावर तुफानात सापडली होती आणि नजराणे गेले होते. रिकाम्या हाताने दिल्लीला जाण्याची सोय उरली नव्हती. असो.

साथीचा रोग त्याला अपरिचित नव्हता. तो दिल्लीस असतानाच तेलंगणात सुलतानाच्या फौजेला साथीने गाठले, बहुतेक सैन्य मेले, आणि सुलतान स्वतः आजारी होऊन वरंगळकडून मागे फिरला. त्याच परतीच्या वाटेवर बीडजवळ सुलतानाचा एक दात पडला आणि त्याने त्यावर थडगे बांधविले, असे फिरिश्ता सांगतो. फौजेच्या हजारो मृतांच्या नशिबी जे आले नाही ते त्या दाताला मिळाले. पुढे मदुरेला इब्न बतूता स्वतःच साथीत सापडला. आजारी पडलेला माणूस दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी जाई, फार तर चौथ्या. घराबाहेर पडले की आजारी नाही तर मृत, याखेरीज काही दृष्टीस पडत नसे. एक बाई धडधाकट मुलाला घेऊन राजवाड्यात मदत मागायला आली. दुसऱ्या दिवशी ती आली ती त्याच मुलासाठी कफन मागायला. इब्न बतूताला ताप भरला तेव्हा आता आपले संपले असे त्याला वाटले. मग त्या प्रदेशात मुबलक मिळणारी चिंच त्याने शेर-अर्धा शेर आणविली, पाण्यात कोळून ती प्यायली, तीन दिवस पोट वाहिले आणि तो उठून बसला. ही साथ कोणत्या रोगाची होती याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे जी महामारी आली तिची जात मात्र आता निश्चित झाली आहे. १८९६ साली मुंबईत शिरून आपल्याकडच्या गावागावांत पसरलेला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, तोच तो रोग. दोहोंचा जंतू एकच, हे जुन्या दफनांतील अस्थींच्या तपासणीवरून सिद्ध झाले आहे.

मालदीव बेटांवर काजीपद, सिंहलद्वीपातील आदमच्या शिखराची यात्रा, बंगाल, सुमात्रा आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे चीन, एवढे झाल्यावर तो १३४७ मध्ये अरबस्तानच्या किनाऱ्याला परत लागला. आता तोंड पश्चिमेकडे होते. इराणातून १३४८ च्या जानेवारीत बगदाद, आणि तेथून दमास्कस.

दमास्कस सोडून त्याला एकवीस वर्षे झाली होती. जाताना तेथे तो आपली एक गरोदर पत्नी मागे ठेवून गेला होता. मुलगा झाल्याचे वर्तमान त्याला हिंदुस्थानात समजले, तेव्हा त्याने त्या मुलाच्या आजोबाकडे चाळीस सोन्याची नाणी पाठविली होती. म्हणून शहरात पाऊल ठेवताच त्याने पहिली चौकशी केली ती मुलाची. मशिदीत मालिकी पंथाचे इमाम भेटले. त्यांना याची ओळख पटली नाही. याने ओळख दिली आणि मुलाविषयी विचारले. 'त्याला जाऊन बारा वर्षे झाली,' असे उत्तर मिळाले. मग टँजिअरचा एक पंडित एका मदरशात राहतो असे कळले, म्हणून त्याच्याकडे जाऊन त्याने बापाची खबर विचारली. बाप वारून पंधरा वर्षे झाली होती. आई मात्र जिवंत होती, निदान त्या पंडिताला होती तेवढ्या माहितीप्रमाणे.

त्या काळी बातमी माणसाच्या पायांनी चाले. ज्या माणसांच्या, घोड्यांच्या नि गलबतांच्या पायांनी ती चाले, त्यांच्याच पायांनी रोगही चालत होता. १३४७ च्या शरद ऋतूत तो समुद्रमार्गे अलेक्झांड्रियाला उतरला होता आणि पुढच्या वसंतात किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत होता. बापाची बातमी दमास्कसमध्ये मुलाच्या कानी पडायला पंधरा वर्षे लागली. मृत्यूने अलेक्झांड्रियापासून सीरियाचा मुलूख काही महिन्यांत गाठला.

जून महिन्यात इब्न बतूता उत्तरेस अलेप्पोला असताना वार्ता आली की, गाझा येथे महामारी सुरू झाली असून दिवसाला हजारावर माणसे मरत आहेत. तो दक्षिणेकडे वळला. होम्सला पोहोचला तर साथ त्याच्याआधी तेथे हजर होती. ज्या दिवशी तो पोहोचला त्या एका दिवसात तेथे सुमारे तीनशे मृत्यू झाले. तो थांबला नाही, दमास्कसकडे निघाला आणि एका गुरुवारी तेथे दाखल झाला.

शहरात त्या दिवशी कोणीच जेवले नव्हते. सुभेदार अर्गून शाह याने दवंडी पिटविली होती की, सर्वांनी तीन दिवस रोजे धरावेत आणि बाजारात दिवसा कोणी अन्न शिजवू नये. दमास्कसचे पुष्कळसे लोक बाजारातलेच शिजलेले अन्न खात, त्यामुळे बाजारातल्या चुली विझल्या म्हणजे शहराचे स्वयंपाकघर बंद झाले. तिसरा रोजा गुरुवारचा. त्या रात्री सरदार, काजी, पंडित आणि सामान्य लोक मोठ्या मशिदीत जमले. आत मुंगी शिरायला जागा उरली नाही. रात्र प्रार्थनेत गेली. पहाटेची नमाज होताच सारे पायीच बाहेर पडले. प्रत्येकाच्या हाती कुराण होते आणि एरवी घोड्याखेरीज न फिरणारे सरदारही अनवाणी चालत होते. त्यांच्याबरोबर सगळे शहर निघाले. ज्यू आपला तौरात घेऊन आले, ख्रिस्ती लोक आपले शुभवर्तमान घेऊन आले, बायका आल्या, पोरे आली. शहराबाहेर पदचिन्हांची म्हणून एक मशीद आहे. तेथे ही सर्व मंडळी दुपार होईतो रडत, विनवीत उभी होती.

ही मिरवणूक इब्न बतूताच्या वृत्तांतातील अत्यंत हृद्य भाग आहे, यात शंका नाही. त्याच साथीत युरोपात अनेक शहरांनी ज्यूंवर विहिरींत विष घातल्याचा आरोप केला आणि त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या जाळल्या. स्ट्रासबर्गला १३४९ च्या फेब्रुवारीत तसेच घडले. दमास्कसच्या रस्त्यात तीन धर्मांचे लोक एकाच दिशेने चालत होते, ही गोष्ट त्यापुढे ठेवून पाहण्यासारखी आहे. एवढे मात्र खरे की, एवढा जनसमुदाय एका मशिदीत रात्रभर कोंडून बसला, याचा रोगाला काय उपयोग झाला असेल, हा विचार आजच्या वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. नंतर साथ ओसरू लागली असे इब्न बतूता म्हणतो. दिवसाला दोन हजारांवर मृत्यूंचा आकडा गेला नाही, कैरोत मात्र तो चोवीस हजारांवर गेला, असेही त्याने म्हटले आहे.

हे आकडे जपून घेतले पाहिजेत. दमास्कसचाच आकडा त्याने एके ठिकाणी २,००० आणि दुसऱ्या ठिकाणी २,४०० दिला आहे. कैरोचा एकदा २४,००० तर एकदा २१,००० दिला आहे. कैरोचे हे आकडे आजचे इतिहासकार मान्य करीत नाहीत. त्याचा ग्रंथ त्याने स्वतः लिहिलेला नसून १३५५ च्या सुमारास फेझच्या सुलतानाच्या आज्ञेवरून इब्न जुझय्य या लेखनिकाला तोंडी सांगितलेला आहे. लेखनिकाने काही वर्णने जुन्या प्रवाशांच्या पोथ्यांतून उचललेलीही आहेत. फेझच्या दरबारात तर हा मनुष्य थापा मारतो अशी कुजबूज होती. इब्न खल्दूनने ती ऐकली आणि पुढे आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नोंदविली. तथापि, महामारीच्या प्रकरणात थाप मारण्याची त्याला गरज नव्हती. ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी गेलेले होते. खुद्द इब्न खल्दूनचे आईबाप ट्युनिसला याच साथीत गेले, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

जेथे प्लेग आहे तेथे जाऊ नये आणि असाल तेथे आला तर तेथून पळू नये, असे पैगंबराचे एक वचन आहे. शास्त्र शिकलेल्या काजीला ते ठाऊक असलेच पाहिजे. त्याच्या वृत्तांतात या प्रश्नाची चर्चा नाही. तो फक्त पुढे जात राहिला. स्पर्शाने रोग लागतो की नाही, यावर त्या वेळच्या पंडितांत कडाक्याचा वाद होता. ग्रॅनाडाचा वजीर इब्न अल्-खतीब याने धीटपणे लिहिले की, अनुभव आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा रोग लागतो असेच सांगतो. आजारी माणसाजवळ जाणारा मरतो, दूर राहणारा वाचतो. जहाज लागते आणि बंदरात साथ सुरू होते. सले शहरात एका सत्पुरुषाने अन्नधान्य भरून घेतले, घराचे दार चिणून टाकले आणि आपले मोठे कुटुंब वाचविले, हे उदाहरण त्याने दिले आहे. परंतु येणाऱ्या प्रवाशाला अडवून ठेवण्याचा कायदा करायला आणखी काळ जावा लागला. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या नगराने तीस दिवस थांबविण्याचा नियम केला तो १३७७ मध्ये. १३४८ साली कोणत्याही वेशीवर इब्न बतूताला कोणी हटकले नाही.

हटकायलाही माणसे उरली नव्हती, असे त्याची पुढील वाट पाहता म्हणावे लागते. जेरुसलेमला तो पोहोचला तेव्हा साथ नुकतीच थांबली होती. तेथील खतिबाने त्याला मेजवानीला बोलाविले. एवढ्या आकांतात मेजवानी कसली, असे त्याने विचारले. यजमान म्हणाला, 'ज्या दिवशी एकाही मृतासाठी मला नमाज पढावी लागणार नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी लोकांना जेवण घालीन, असा मी नवस केला होता. काल तसा दिवस आला.' वीसएक वर्षांपूर्वी या शहरात ज्या पंडितांशी त्याची ओळख झाली होती त्यांतले फारच थोडे त्या पंगतीला होते. नंतर गाझा. तेथील बाजार ओस पडले होते. शहरात कागदपत्रांवर साक्ष घालणारे ऐंशी सनदी साक्षीदार होते, त्यांतले एक चतुर्थांश उरले, असे तेथील काजीने त्याला सांगितले. म्हणजे ज्याच्या सहीवाचून घर विकता येत नाही, मृत्युपत्र होत नाही, त्या वर्गातली साठ माणसे नाहीशी झाली होती. आणि मृत्युपत्रांची गरज तर याच वर्षी सर्वांत मोठी. अलेक्झांड्रियाला दिवसाचा आकडा १,०८० वर जाऊन उतरत होता. कैरोला आला तर तेथे पूर्वी ओळखीचे असलेले सर्व शेख वारले होते.

ही वाट त्याने १३२६ साली तुडविलेलीच होती. त्या वेळी पोराला फुटलेल्या ताटाची किंमत मोजून देणारे कारभारी तेथे होते, पाहुण्याला उतरवून घेणारे काजी होते, आपल्या विद्येचे दाखले देणारे गुरू होते. चोवीस वर्षांचा त्याचा प्रवास अशा माणसांच्या खांद्यांवर झाला होता. १३४८ मध्ये मदरसे उभे होते, मशिदी उभ्या होत्या, इनामांच्या जमिनी कागदोपत्री जशाच्या तशा होत्या. पण नाव घेऊन दार ठोठवावे असे घर त्याला फारसे कोठे राहिले नव्हते. ट्युनिसच्या वेशीवर कोणी विचारीत नाही म्हणून जो तरुण रडला होता, तो आता चव्वेचाळीस वर्षांचा होता. या शहरांत तो रडल्याची नोंद नाही. आकडे आहेत, भाकरीचा भाव आहे, मेलेल्यांची नावे आहेत.

आई जिवंत असल्याचे त्याला दमास्कसला कळले होते. तरीही तो सरळ घरी गेला नाही. कैरोहून नाईलच्या वाटेने वर जाऊन, तांबडा समुद्र ओलांडून नोव्हेंबरात तो मक्केला पोहोचला आणि पुढच्या वसंतातली यात्रा करूनच मागे फिरला. मक्केतही त्या हंगामात प्लेग शिरला होता, हे इतर लेखकांकडून कळते. १३४९ च्या वसंतात तो कैरोहून निघाला, एका लहानशा ट्युनिसी गलबतात चढला. ट्युनिस, सार्डिनिया, पुन्हा आफ्रिकेचा किनारा, त्लेम्सेन असे करीत पाऊस-थंडीच्या सुरुवातीला तो मोरोक्कोतील ताझा या गावी आला. तेथून फेझ दोनतीन दिवसांच्या वाटेवर आणि टँजिअर त्यापुढे.

ताझाला त्याला सांगण्यात आले की, त्याची आई महामारीत वारली.

या बातमीला त्याने एका वाक्याहून अधिक जागा दिलेली नाही. त्याच महिन्यात तो फेझला पोहोचला आणि सुलतान अबू इनान याच्या दरबारात रुजू झाला. सुलतानाचे गुणवर्णन मात्र पुढे कित्येक पाने चालते, कारण ग्रंथ त्याच्याच आज्ञेने लिहिला जात होता. ते आटोपल्यावर टँजिअरचा उल्लेख येतो. चोवीस वर्षांनी तो आपल्या जन्मगावात शिरला तो आईच्या कबरीच्या दर्शनासाठी. दर्शन घेतले, आणि तो सेउटाला निघून गेला. तेथे तीन महिने तो आजारी होता. बरे वाटताच त्याने समुद्र ओलांडला आणि जिब्राल्टरला उतरला. त्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला कास्तीलचा राजा अकरावा अल्फान्सो थोड्याच दिवसांपूर्वी, १३५० च्या मार्चमध्ये, छावणीतच प्लेगने मरण पावला होता.